मेदुवा रावांची करवत

अमोघने खंडेनवमीला करवतीला आंघोळ घातली. नुसत्या पाण्याची घातली असती तर निभावून गेलं असतं. त्याने पंचामृताची घातली. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं रीतसर, पळीपळीने. आणि वर उगाळलेल्या गंधाचा असा जाड लेप, की बोहल्यावरच्या नवरदेवाने लाजावं.

करवत म्हणजे सुताराची नव्हे. ही पेट्रोलवर चालणारी. सहा किलो वजन, हातभर लांब पातं, आणि पात्याच्या कडेने सायकलच्या चेनसारखी दातेरी साखळी. ती एकदा फिरायला लागली की डोळ्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येते. तीही चार गल्ल्या पलीकडे. तिचे मालक संताजी राव, वय अठ्ठावन्न, मुक्काम चेन्नईतलं मैलापूर, धंदा झाडं पाडण्याचा. अमोघ त्यांच्या गच्चीवरच्या खोलीतला भाडेकरू. बँकेत कारकून, मूळ गाव परंडा.

राव कुलदेवतेच्या पूजेला तंजावरला गेले होते. तिथून त्यांचा फोन आला होता, "अमोघा, उद्या आयुधपूजा अहे. माझ्या यंत्राला कुंकू लाव, एक फूल ठेव, हात जोड. इतकंच कर."

इतकंच! परंड्याच्या पोराला कधी 'इतकंच' सांगायचं असतं का? त्याच्या गावी खंडेनवमीला ट्रॅक्टर न्हाऊनमाखून, झेंडूच्या माळा घालून असे उभे राहतात, की वाटावं आता अक्षता पडणार. शाळेत पाटीपूजनाला पाटीवर सरस्वती काढायचा मान सलग तीन वर्षं अमोघकडे होता. चेन्नईत येऊन दोन वर्षं झाली, पण एक पूजा म्हणून कुणी त्याच्या हाती सोपवली नव्हती. ती सगळी भूक त्याने त्या यंत्रावर भागवून घेतली. देवाच्या अंगाचा कोपरा कोरडा राहू नये, म्हणून फटीफटीतून, भोकाभोकातून पंचामृत पोचेल असं पाहिलं. गंध आत जाईना, तर काडीने ढकललं. फोटो काढून आईला पाठवला. आईने कळवलं, "पूजा छान झाली. पण हे आहे काय?"

हे काय आहे, ते अमोघलाही दुसऱ्या दिवशीच कळायचं होतं.

पण त्याआधी राव कोण, ते सांगायला हवं. रावांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला गेले आणि जाताना जी मराठी घेऊन गेले, तीच आजवर वापरताहेत. आपल्याकडे तिच्यावर कितीदा रंग दिला गेला, खिडक्या बदलल्या. त्यांच्याकडे मूळ दरवाजा तसाच, फक्त बिजागऱ्या तमिळ. राव एकोणिसाव्या वर्षी लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायला लागले. मग कुऱ्हाड, मग आडवी करवत, मग हे यंत्र. तरुणपणी लुंगी गुडघ्यावर दुमडून, पायात रबरी चप्पल घालून फांदीवर चढायचे, आणि चालू यंत्र डोक्यावर धरून कापायचे. लोक खाली उभे राहून शिट्ट्या मारायचे.

मग वरदा वादळ आलं. शहरात जिकडे पाहावं तिकडे झाडं आडवी. तिसऱ्या दिवशी, सतराव्या झाडावर, पात्याचं टोक दुसऱ्या फांदीला लागलं आणि यंत्र उसळून रावांच्या अंगावर आलं. डाव्या खांद्याला सत्तावीस टाके. ते यंत्र जुनं होतं, त्याचा ब्रेक कधीच मोडून गेला होता, आणि ब्रेक नसल्याचं रावांना तोवर काही वाटतही नव्हतं.

बरे झाले ते वेगळेच राव. डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे जाळी, कानावर आवाज अडवणाऱ्या डबड्या, पायात लोखंडी टोपीचे बूट, आणि आत धाग्यांचे थरच्या थर भरलेली जाडजूड विजार. साखळी लागलीच तर धागे तिच्या चाकात गुंतून ती बंद पडते. चेन्नईच्या मे महिन्यात ती विजार घालणं म्हणजे इडलीपात्रात बसणं. आधी झाडाभोवती तीन फेऱ्या, मग पळायची वाट मोकळी करणं, मग यंत्राची तपासणी. दुसरे दोन झाडं पाडतात तेवढ्या वेळात राव एकाकडे बघत असतात. म्हणून आख्ख्या मैलापुरात त्यांचं नाव पडलं 'मेदुवा राव'. मेदुवा म्हणजे सावकाश. कामं कमी झाली. रावांनी वेग वाढवला नाही.

दसऱ्याची सकाळ वारा घेऊनच उजाडली. समुद्रात कुठे तरी कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता आणि संध्याकाळी वारा दुप्पट होईल असं हवामानवाले सांगत होते. राव एग्मोर स्टेशनला गाडीतून उतरतात न उतरतात तोच फोन. राजसबाईंचा.

राजसबाई म्हणजे रावांची थोरली बहीण, सगळ्या गल्लीची अक्का. देवळामागच्या गल्लीत तिचं वीणा दुरुस्तीचं दुकान. कौलारू छप्पर, एकच दार, आणि दारावर सावली धरणारा गुलमोहर. तो गुलमोहर सकाळी नऊ वाजता एकदम कलला. पडला नाही. रस्त्याकडची मुळं फरशीसकट उचलून, कौलांपासून तीन हातांवर येऊन थांबला. एखादा पाहुणा उंबऱ्यात थबकावा तसा. अक्का विजयादशमीच्या मुहूर्ताचं काम करत आत बसली होती. ती हातात होतं तेवढं घेऊन बाहेर धावली. हातात होता एक ब्रश.

आत राहिल्या अकरा वीणा. डिसेंबरच्या मैफिलींच्या आधी नीट करून द्यायच्या म्हणून लोकांनी आणून ठेवलेल्या.

राव घरी जाऊन विजार-हेल्मेट चढवून पुढे गेले; अमोघ करवतीची पिशवी घेऊन मागून पोचला तेव्हा गल्लीत जत्रा होती. राव हेल्मेट घालून झाडाभोवती दुसरी फेरी मारत होते. वॉर्डाचे इंजिनिअर अरुण यांनी झाड पाहून पाडायची परवानगी जागच्या जागी लिहून दिली, वीज बंद करून घेतली, आणि सांगितलं की क्रेन चार ठिकाणी गुंतलीय, इथे यायला उद्या दुपार होईल.

"उद्या दुपारी ती काय कौलं वेचायला येणार?" अक्का म्हणाली आणि दाराकडे निघाली. "एकेक करून मीच आणत्यें बाहेर."

"अक्का!" रावांनी आडवा हात घातला. "मुळं सुटलीयेत. दाराची घंटा वाजवलीस तरी अंगावर यील."

"माझ्या असत्या तर रडून मोकळी झाल्यें असत्यें, संता. अकराच्या अकरा दुसऱ्यांच्या अहेत. त्यात एक तर मेलेल्या आईची म्हणून मुलीनं दिलेली. तिला काय सांगू? झाड आलं म्हणून?"

तेवढ्यात मोटारसायकलवरून प्राणेश आला. पंचवीस वर्षांचा, बिनबाह्यांचा बनियन, पायात चप्पल, मांडीवर करवत, गिटार आणल्यासारखी. त्याने झाडाकडे एकदा पाहिलं. एकदाच.

"अक्का, दहा मिनिटं," तो तमिळमध्ये म्हणाला. "वर चढतो, दणादण तुकडे करतो. मेदुवा रावांची फेरी संपेपर्यंत तुम्ही वीणा वाजवत बसाल."

गर्दी हसली. कुणी तरी म्हणालं, अक्का, द्या याला, वारा वाढतोय. अक्काने भावाकडे पाहिलं. भाऊ तिसरी फेरी पूर्ण करून यंत्राकडे वळला होता.

आणि रावांनी पिशवीची चेन उघडली.

आतून जो वास आला तो दसऱ्याचा होता, पण शिळ्या दसऱ्याचा. आंबलेलं दही, मध, पेट्रोल. करवतीवर गंधाचा लेप वाळून तडकला होता, झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या आणि सायलेन्सरच्या तोंडात एक अख्खा शेवंतीचा गुच्छ खोचलेला होता. मुंग्यांची रांग पिशवीतूनच सोबत आली होती.

रावांनी आधी गुच्छ उपटून बाजूला ठेवला. बंद यंत्राच्या पुढची दांडी त्यांनी मनगटाने ढकलली. हाच ब्रेक, या दांडीवर सगळा खेळ. यंत्र उसळलं की मनगट या दांडीवर आपटतं, आत पोलादी पट्टा आवळतो आणि पापणी लवायच्या आत साखळी थांबते. थांबायला हवी. दांडी अर्ध्यात अडकली.

"अमोघा," राव शांतपणे म्हणाले, "मी काय सांगितलों होतों?"

"कुंकू, फूल, हात जोड," अमोघ पुटपुटला.

"आणि तू काय करलास?"

"अभिषेक."

प्राणेशला मराठी कळत नव्हती, पण अभिषेक कळला. तो मोटारसायकलवरून खाली उतरून हसला. "राव अय्या, देव पावला! आता तरी मला द्या. नाही तर तशीच चालवा, ब्रेक लागतो कुणाला? माझा गेल्या वर्षीच गेला."

रावांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली, खांदा उघडा केला, सत्तावीस टाक्यांची ती शिवण त्याच्या नाकासमोर धरली आणि बटणं पुन्हा लावली. मग अक्काला म्हणाले, "मला एक तास अधिक लागील. याला देतेस तर दे. तुझं छप्पर, तुझ्या वीणा. मी रागावणार नाही."

वाऱ्याचा एक झोत आला. गुलमोहर कण्हला. गल्ली आपोआप चार पावलं मागे सरली.

अक्काने प्राणेशच्या चपलांकडे पाहिलं. मग भावाच्या खांद्याकडे. "सत्तावीस टाके पडले तेव्हा याला भात मीच भरवत होत्यें," ती म्हणाली. "एक तास घे, संता. पण एकच."

रावांनी पान्याने बाजूचं झाकण खोललं. आत ब्रेकचा पट्टा दिसायला हवा होता. दिसला प्रसाद. तूप, मध, गंध आणि लाकडाचा भुसा यांचा मिळून जो काही पदार्थ तयार झाला होता, त्यापुढे सिमेंट म्हणजे साय. बोटाने निघेना, फडक्याने निघेना. अमोघला घाम फुटला. बँकेत रोकड कमी पडली तरी फुटत नाही असा.

"बारीक ब्रश पाहिजे," राव म्हणाले. "ताठ केसांचा."

सगळ्यांचे डोळे अक्काच्या हाताकडे गेले.

तो ब्रश म्हणजे तिच्या सासऱ्यांचा. सागवानी मूठ, रानडुकराच्या केसांचा, तंजावरहून आलेला. वीणेचे पितळी पडदे काळ्या मेणात बसवलेले असतात. त्या पडद्यांखालची धूळ मेण न खरवडता काढायची ती या ब्रशानेच. चाळीस वर्षं तिने तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता. तिने एकदा दुकानाकडे पाहिलं, एकदा ब्रशाकडे.

"परत पाहिजे," ती अमोघला म्हणाली.

"देतो ना अक्का, नक्की," म्हणत अमोघ फूटपाथवर मांडी घालून बसला आणि पेट्रोलमध्ये बुडवून बुडवून घासू लागला.

तो घासत होता तोवर राव रिकामे नव्हते. त्यांनी प्राणेशला हाक मारली. "ये रे, दहा मिनिटं! नुसता बोलतोस की दोरही धरतोस?" प्राणेश आधी गुर्मीत आला, मग गंमत म्हणून, आणि अर्ध्या तासाने जीभ दाताखाली धरून काम करायला लागला. समोरच्या कडुनिंबाच्या बुंध्याला चेन पुली बांधली, तिची साखळी गुलमोहराला वर अडकवली आणि कडी-कडीने ताण देत झाड जागेवर रोखलं. मग शेजारच्या दोन मजली घराच्या गच्चीवरून, झाडावर पाय न ठेवता, हातकरवतीने दुकानावरच्या फांद्या एकेक करून कापल्या. प्रत्येक फांदी आधी दोराला, मग करवतीला. पाण्याच्या टाकीच्या खांबाला तीन वेढे देऊन दोर सैल सोडला, की फांदी बाळासारखी खाली यायची.

"यंत्र वर का नाही नेत?" प्राणेशने विचारलं.

"खांद्याच्या वर यंत्र न्यायचं नाही. नेलं की काय होतं ते दाखवलों ना आत्ताच."

अक्काने तोवर शेजारणीकडून कोलमचं, म्हणजे तिथल्या रांगोळीचं, पीठ मागून आणलं आणि रावांनी दाखवलं तिथून, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरी रेघ ओढली. सवयीने तिच्या टोकांना दोन वेलबुट्ट्याही निघाल्या. पोलिसांची पिवळी पट्टी असती तर लोकांनी वाकून ओलांडली असती. कोलमवर पाय द्यायला कुणी धजेना.

एक तासाऐवजी एक तास दहा मिनिटांनी अमोघ उठला. झाकण बसलं. हवा गाळणारी नवी जाळी बसली. रावांनी यंत्र जमिनीवर टेकवलं, बुटाने मागची मूठ दाबली, दोरी ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ते भुंकलं आणि धुराबरोबर तुपाचा खमंग वास गल्लीभर पसरला. रावांनी वेग चढवला, मनगटाने दांडी ढकलली.

खट्. साखळी जागच्या जागी.

"पुन्हा," राव स्वतःशीच म्हणाले. खट्. तिसऱ्यांदा खट्. मग त्यांनी अमोघच्या गळ्यात शिट्टी अडकवली. "मला कानाला शिट्टीच तेवढी ऐकू यील, डोळे माझे खाली असतील. वर फांदी हलली, कुणी रेघ ओलांडली, की फुंक. लाजू नकों. अभिषेकाला लाजला नाहीस."

झाड दुकानावर पाडायचं नव्हतं आणि कललेल्याच्या उलट बाजूला ते जाणार नव्हतं. त्याला आडवं, गल्लीच्या लांबीला झोपवायचं होतं. रावांनी गल्लीकडच्या अंगाला खाच घ्यायला सुरुवात केली. भुसा पिवळ्या पावसासारखा उडाला. वरून उतरता एक काप, खालून आडवा काप, आणि कलिंगडाची फोड निघावी तशी फोड निघाली. आता मागून कापायचं. पण पूर्ण नाही. मधे दोन बोटं लाकूड शिल्लक ठेवायचं. तीच झाडाची बिजागरी. तिच्यावर झाड दारासारखं वळतं. ती कापलीत, की दार तुमच्या अंगावर.

मागचा काप अर्ध्यावर आला आणि वारा आला. दुकानाचं एक कौल घसरून फुटलं. अक्काचा पाय रेघेपलीकडे गेला. अमोघने फुफ्फुसं रिकामी होईपर्यंत शिट्टी फुंकली. राव थांबले. अक्का थांबली.

"माझ्याच दारात मला शिट्टी!" ती म्हणाली.

"अक्का, मागे. पाया पडतो." ती मागे सरली. कोलम पुसला गेला होता तिथे तिने तेवढ्यातही चिमूटभर पीठ सोडलं.

पुन्हा यंत्र सुरू झालं. पातं आत जात होतं, जात होतं, आणि एकाएकी कर्र आवाज आला, ठिणगी उडाली आणि यंत्र उसळलं. अमोघला फक्त दिसलं की पातं लाकडातून सुटून वर आलंय, रावांच्या डाव्या खांद्याकडे.

खट्.

 पातं खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबलं होतं. साखळी निश्चल. एका दातात झेंडूची पाकळी अजून अडकलेली.

रावांनी यंत्र बंद करून खाली ठेवलं. हेल्मेटची जाळी वर सरकवली.  कापात डोकावून पाहिलं. लाकडाच्या पोटात एक लोखंडी आकडा होता, खोडाने पुरता गिळलेला. अक्काच्या नवऱ्याने कधी काळी मुलीच्या झोक्याचा दोर बांधायला बुंध्याशी ठोकलेला.

"तुझ्या भावजींचा आकडा," राव अमोघला म्हणाले, जणू अमोघचे कुणी भावजी होते. मग यंत्राच्या झाकणावर बोट वाजवून, "पट्टा बेस घासलास."

प्राणेश आपल्या मोटारसायकलकडे गेला. तिथल्या आपल्या करवतीकडे जरा वेळ बघत राहिला आणि परत येऊन दोराशी उभा राहिला. चपला त्याने काढून ठेवल्या होत्या. शेजारच्याचे बूट मागून घातले होते, दोन नंबर मोठे.

साखळी बदलली. आकड्याच्या वरून नवा काप. दोन पाचरी ठोकल्या. प्राणेशने गल्लीच्या टोकाकडून दोर ताणला. राव ओरडले, "मेदुवा!" आणि पहिल्यांदाच त्या शब्दावर कुणी हसलं नाही. लाकूड तडकलं. राव यंत्र बंद करून आधीच मोकळ्या केलेल्या तिरक्या वाटेने मागे चालत गेले, पळाले नाहीत. गुलमोहर क्षणभर विचारात पडला, मग वळला, बिजागरीवर, जुन्या जड दारासारखा, आणि गल्लीच्या लांबीला धाडकन आडवा झाला. मागे बुंधा मुळांसकट आपल्या खड्ड्यात धप्पकन बसला. शेंड्याची एक तुटकी डहाळी उडत जाऊन कोलमच्या रेघेला नुसती शिवली.

मग जो गलका झाला तो विसर्जनाच्या मिरवणुकीलाही होत नाही. कुणी रावांना उचलायला धावलं. त्या विजारीसकट ते उचलेनात. अमोघ शिट्टी फुंकतच सुटला, अरुणसाहेबांनी ती त्याच्या तोंडातून काढेपर्यंत.

अक्काने दार उघडलं. बाहेर सगळ्यांनी दाराकडे कान लावले. आतून एक तार छेडल्याचा आवाज आला. मग दुसरी. तिसरी. अकरावी वाजली तेव्हा राव फूटपाथवर बसून हेल्मेटने वारा घेत होते, आणि त्यांनी डोळे मिटले.

संध्याकाळी वारा खरोखरच दुप्पट झाला. दुकानाची आणखी दोन कौलं गेली, एवढंच.

आणि तो ब्रश. पेट्रोलने केस गळून, मधाने चिकटून, तो बुडालेल्या मांजरासारखा दिसत होता. अमोघने तो साबणाने धुतला, उन्हात ठेवला, आईला विचारून रिठ्याच्या पाण्यात बुडवला. मग रंगाच्या दुकानातून एक नेला. अक्का म्हणाली, "भिंत रंगवू?" बुटांच्या दुकानातून एक नेला. "वीणेला पॉलिश?" तिसरा फार मऊ, चौथा फार राठ. तंजावरचा तो कारागीर आता नाही. त्याचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो.

डिसेंबर आला. अकराही वीणा आपापल्या घरी गेल्या, पडद्यांखालची धूळ अक्काने कोंबडीच्या पिसाने काढली आणि प्रत्येक पिसागणिक अमोघचं नाव घेतलं. तो बँकेतून येताना हल्ली देवळाला वळसा घालून येतो. तरी परवा सापडलाच.  दारात बसल्या बसल्या अक्काने नुसता तळहात पुढे केला, पालथा नव्हे, उताणा. अमोघ म्हणाला, "पुढच्या आठवड्यात, अक्का."

"मेदुवा," ती म्हणाली.